कांद्याचे उळे : एका घरगुती पिकाचा पूर्वेतिहास

बदलीच्या नोकरीत बिऱ्हाड फिरते, पण जिभेची सवय तितक्या सहज फिरत नाही. दिल्ली असो, सिमला असो, शिलाँग असो की कोलकाता, सरकारी बंगल्याच्या परसात मराठी माणूस चार वाफे काढतो तेव्हा मेथी-कोथिंबिरीच्या शेजारी कांद्याचा एक वाफा बहुधा असतोच. त्यासाठी नाशिककडून बीही मागवले जाते. बी उगवते, पात तरारते, आणि मग निराळाच प्रकार घडतो. सिमल्याच्या परसात तो कांदा जेमतेम लिंबाएवढा होतो न होतो तोच मान टाकतो. उलट डोंगरावर उत्तम येणारे विलायती वाणाचे बी कोणी पुढच्या बदलीत मैदानी मुलखात नेऊन हिवाळी हंगामात लावले, तर नुसती पात माजते आणि खाली कांदा म्हणून हाती धरावा असे काही लागत नाही. मग दोष मातीला दिला जातो, पाण्याला दिला जातो, आणि शेवटी माळ्याला दिला जातो. वास्तविक या तिघांचाही त्यात अपराध नसतो. या विक्षेपाचे कारण त्या बियाच्या पूर्वजांनी कोणत्या आकाशाखाली दिवस काढले, यात आहे. म्हणून घरी कांदा लावू इच्छिणाऱ्या आमच्या वाचकांपुढे आज आम्ही लागवडीच्या सूचनांआधी त्या लागवडीचा इतिहास ठेवीत आहो.

प्रथम या वनस्पतीचा जीवनक्रम ध्यानात घेतला पाहिजे. कांद्याचे आयुष्य दोन हंगामांचे असते. पहिल्या हंगामात बियापासून पात वाढते आणि पातीच्या बुडाशी कंद भरतो. हा कंद म्हणजे त्या झाडाने पुढच्या हंगामासाठी केलेला साठा होय. दुसऱ्या हंगामात तो कंद पुन्हा जमिनीत गेला आणि त्याला पुरेशी थंडी मिळाली, म्हणजे त्यातून पोकळ दांडा वर येतो, टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा धरतो आणि त्यात काळे, कोनदार बी भरते. यालाच आपले शेतकरी उळे म्हणतात. कानडीत कांद्याला उळ्ळी हा शब्द आहे. त्याचे आणि आपल्या उळ्याचे साम्य कानाला सहज जाणवण्याजोगे आहे.

या जीवनक्रमामुळे कांदा लावणाऱ्यापुढे एक चमत्कारिक पेच नेहमीच उभा राहिलेला आहे. ज्याने कांदा खाल्ला त्याचे बी बुडाले. आणि ज्याला बी हवे त्याने आपल्या राशीतला चांगल्यात चांगला कांदा न खाता पुन्हा मातीत पुरला पाहिजे. बरे, एकदा केलेले बी पाच-दहा वर्षे पुरेल म्हणावे, तर तेही नाही. साध्या हवेत ठेवलेले उळे वर्ष उलटल्यावर उगवेलच असा भरवसा उरत नाही. ज्वारी-गव्हाचे बी एखादे वर्ष पेरले नाही तरी कणगीत तग धरते. कांद्याचे बी मात्र पुन्हा पुन्हा नवे करावे लागते. म्हणून कांद्याच्या इतिहासात राजे, सेनापती आणि व्यापारी यांच्यापेक्षा बी राखणाऱ्या अनाम घरांना अधिक महत्त्व आहे. ही साखळी जेथे तुटली तेथे तो वाण संपला.

कांद्याच्या लागवडीचे मार्ग तीन. पहिला, उळे वाफ्यात टाकून सहा ते आठ आठवड्यांचे रोप झाल्यावर ते उपटून अंतरावर लावणे. दुसरा, उळे दाट पेरून त्याचे गोटीएवढे बारीक कांदे करणे, ते काढून, वाळवून, काही महिने टांगून ठेवणे, आणि पुढच्या हंगामात तेच पुन्हा लावून मोठे कांदे घेणे. या बारीक कांद्यांना बागकामाच्या व्यवहारात आता सेट हाच शब्द रूढ झाला आहे. तिसरा मार्ग बियाशिवायचा. काही जातींत एका कांद्याभोवती अनेक कांद्यांचा झुबका धरतो. त्यातले थोडे खावे, थोडे पुन्हा लावावे. तामिळनाडूत सांबारात पडणारा लहान कांदा आणि काश्मिरी स्वयंपाकातला प्राण हे या झुबक्याच्या कुळातले होत.

एकेरी कांदा आणि झुबक्याचा कांदा हा भेद फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कोलुमेला याने नोंदवले आहे की, खेड्यातले लोक एका जातीच्या कांद्याला युनिओ म्हणतात. युनिओ म्हणजे एकटा, अविभक्त. फ्रेंच आणि इंग्रजी भाषांतली कांद्याची आजची नावे याच खेडवळ शब्दापासून आलेली आहेत. त्याच शतकातला प्लिनी कांद्याच्या जाती गावांच्या आणि देशांच्या नावांनी सांगतो. त्यांत पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरील अस्कलॉन या नगरीच्या नावाचा एक कांदा आहे. झुबक्याच्या कांद्याचे युरोपीय नाव या अस्कलॉनवरून पडले. दोन हजार वर्षांपूर्वीही कांदा गावाच्या नावाने ओळखला जात होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. लासलगावचा कांदा, अलिबागचा कांदा, बळ्ळारीचा कांदा असे आपण म्हणतो, ते त्याच परंपरेतले आहे आणि त्यामागे सबळ कारण आहे.

कांद्याचे मूळ घर मध्य आशियात. तुर्कमेनिस्तान आणि इराण यांच्या सीमेवरील डोंगराळ प्रदेशात आढळणारी एक रानटी जाती ही त्याची सर्वांत जवळची नातलग मानली जाते. कडक हिवाळा, लांबच लांब उन्हाळी दिवस आणि कोरडे ऊन हे त्या प्रदेशाचे हवामान. तेथून माणसाच्या गाठोड्यातून तो पश्चिमेला मिसरमध्ये गेला आणि आग्नेयेला भारतात उतरला. मिसर देशात त्याची प्रतिष्ठा विलक्षण होती. इसवी सनापूर्वी बाराव्या शतकात होऊन गेलेल्या चौथ्या रामसेसच्या शवाच्या नेत्रखोबणीत कांदे बसवलेले आढळले आहेत. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की, मोठ्या पिरॅमिडवर मजुरांच्या मुळ्या-कांद्या-लसणीवर झालेल्या खर्चाचा लेख कोरलेला होता. त्याला तो लेख दुभाष्याने वाचून दाखवला होता, त्यामुळे विद्वान त्यावर फारसा विसंबत नाहीत. परंतु मजुरांचे अन्न म्हणजे कांदा हे समीकरण तेव्हाही सर्वमान्य होते, एवढे त्यावरून निश्चित ठरते.

याहून हृद्य उल्लेख यहुद्यांच्या धर्मग्रंथात आहे. मिसरच्या दास्यातून सुटून वाळवंटात भटकणारे लोक कुरकुर करू लागले, तेव्हा त्यांना आठवण झाली ती मिसरमधल्या मासळीची, काकड्यांची, आणि कांद्या-लसणीची. स्वातंत्र्य मिळाले होते, आकाशातून अन्नही मिळत होते, तरी ताटातला कांदा गेला याचे दुःख उरले होते. ज्यांनी परमुलखात वर्षे काढली आहेत त्यांना या तक्रारीवर भाष्य लागणार नाही.

आता भारताकडे वळू. संस्कृतात कांद्याला पलांडू म्हणतात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, पलांडू आणि छत्राक हे पदार्थ द्विजांना अभक्ष्य ठरवले आहेत, आणि जाणूनबुजून खाणाऱ्याला पतित म्हटले आहे. दुसऱ्या बाजूस चरकसंहिता पलांडूला वातनाशक आणि बलवर्धक म्हणून ओळखते, आणि अमरकोश त्याला सुकंदक, म्हणजे चांगला कंद, असे पर्यायनाम देतो. धर्मशास्त्र ज्याला पंक्तीतून उठवते त्याला वैद्यक औषधात घेते, ही विसंगती पाहून हसण्याचे कारण नाही. एखादी वस्तू निषिद्ध ठरवण्याची गरज पडते ती लोक ती खात असतात म्हणूनच.

पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेला चिनी यात्रेकरू फा-हियान मध्यदेशाविषयी सांगतो की, येथील लोक कांदा-लसूण खात नाहीत. अपवाद चांडाळांचा, आणि ते वस्तीबाहेर राहतात. सातव्या शतकात आलेला ह्युएनत्संग म्हणतो की, कांदा-लसूण येथे थोडा पिकतो, खाणारेही थोडे, आणि जे खातात त्यांना नगराच्या भिंतीबाहेर घालवले जाते. हे दोन्ही साक्षीदार बौद्ध भिक्षू होते आणि त्यांचा वावर मठांत व प्रतिष्ठितांत होता, हे खरे. तरी त्यांच्या साक्षीतून एक गोष्ट आपोआप सिद्ध होते. या देशात शतकानुशतके कांद्याचे उळे भिंतीच्या आत राखले गेले नाही. ते भिंतीच्या बाहेर राखले गेले. ज्यांना ग्रंथांत स्थान नव्हते, नगरात घर नव्हते, त्यांच्या वाफ्यांत हे पीक पिढ्यान्‌पिढ्या मातीत पुरले आणि पुन्हा उगवले. मध्य आशियातल्या लांब दिवसांना सरावलेली ही वनस्पती दक्षिणेच्या आखूड दिवसांत कंद धरावयास शिकली ती या अज्ञात लोकांच्या निवडीमुळे. कोणता कांदा खायचा आणि कोणता पुरायचा हे ठरवणारे डोळे त्यांचे होते. त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही, पण त्यांचे काम आजही आपल्या ताटात आहे.

पुढे मुसलमानी अंमलात कांदा राजांच्या मुदपाकखान्यात मानाने शिरला. ऐने-अकबरीत दोप्याज्याची कृती दिली आहे. तीत दहा शेर मांसाला दोन शेर कांदा असे माप आहे. हिंदुस्थानी बोलींत पलांडू मागे पडून फारसीतला प्याज रूढ झाला तो याच काळात. मराठीने मात्र कंद शब्दापासून आलेला आपला कांदा सोडला नाही.

महाराष्ट्रात कांद्याला संतांच्या वाणीतही जागा मिळाली. तेराव्या शतकात सोलापूर भागातील अरण गावी होऊन गेलेले सावता माळी यांनी पंढरीला न जाता आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला, आणि त्यांच्या नावावर असलेल्या सुप्रसिद्ध अभंगात त्या मळ्यातल्या भाज्यांची नामावळी आली आहे. तीत कांदा अग्रभागी आहे. तिच्यातच मिरचीही आहे. आणि मिरची ही अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या मागाने, सोळाव्या शतकात आली. तेव्हा अभंगाच्या आजच्या पाठाला मागाहूनचे हात लागले असावेत अशी शंका घेण्यास जागा आहे. कांद्याविषयी मात्र तशी शंका घेण्याचे कारण नाही. ज्या कंदासाठी स्मृतिकारांनी प्रायश्चित्त सांगितले त्यातच एका माळ्याने देव पाहावा, हा पालट लहान नव्हे.

आपल्या लोकाचारात निषेध आणि आवड यांची तडजोड कशी झाली याचे उत्तम उदाहरण म्हणजे कांदेनवमी. आषाढ शुद्ध एकादशीला चातुर्मास लागतो आणि अनेक घरांत चार महिने कांदा बंद होतो. म्हणून दोन दिवस आधी, नवमीला, कांद्याची भजी, थालीपिठे, झुणका असा मनसोक्त बेत करून घरातला कांदा संपवायचा. या प्रथेत एक शेतीचा हिशेबही दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. उन्हाळ कांदा चैत्र-वैशाखात निघतो आणि पावसाळी हवा लागताच घरातल्या कोपऱ्यात सडू किंवा कोंब धरू लागतो. तेव्हा टिकणार नाही तो कांदा नवमीला खाऊन टाकणे सोयीचेच होते. आणि जो निवडक कांदा बियासाठी चाळीत किंवा आढ्याला टांगून ठेवला असेल, त्याच्यावर चार महिने कोणाचा हात पडणार नाही, हेही आपसूक साधत होते. चातुर्मास कार्तिकात सुटतो, आणि बियासाठी कांदे पुरण्याचा काळही त्याच सुमाराचा. निषेध मूळ कोणत्याही हेतूने आला असो, बी राखणाऱ्याच्या तो पथ्यावरच पडला.

गावाचे नाव आणि बी यांचा संबंध कसा असतो हे अलिबागच्या पांढऱ्या कांद्यात दिसते. कार्ले, खंडाळे या बाजूच्या गावांत भाताची कापणी झाल्यावर त्याच जमिनीत हा कांदा लावतात. तो तिखट नसतो, कच्चा खाण्यास गोड लागतो. पातीसकट वाळवून त्याच्या वेण्या घालतात आणि माळांच्या रूपाने तो विकला जातो. बी बाजारातून न आणता आपल्याच पिकातून निवडून ठेवण्याची तेथील रीत होती, म्हणूनच त्या कांद्याला त्या गावाचे नाव टिकले. अलीकडच्या काळात त्यास भौगोलिक मानांकन मिळाले, तसे लासलगावच्या कांद्यालाही २०१६ साली मिळाले. कायद्याने जे आज मान्य केले ते प्लिनीला पहिल्या शतकातच ठाऊक होते.

आता प्रश्न असा की, गावाच्या नावामागे नेमके काय असते? याचे उत्तर मिळण्याआधी त्याचा अनुभव सर्वांत कडवटपणे ज्यांनी घेतला ते या देशात बदलीवर आलेले इंग्रज अधिकारी होते. विल्यम केरी यांच्या पुढाकाराने १८२० साली कोलकात्यात कृषी व उद्यानविषयक संस्था स्थापन झाली. १८६३ साली फर्मिंजर या पाद्र्याचे बंगाल व उत्तर हिंदुस्थानातील बागकामावरील पुस्तक निघाले आणि ते पुढे पिढ्यान्‌पिढ्या बंगल्याबंगल्यांतून वाचले गेले. स्वदेशाची भाजी परदेशात पिकवण्याची ओढ त्यांनाही आपल्याइतकीच होती. परंतु लंडनचा उन्हाळी दिवस साडेसोळा तासांचा, तर कोलकात्याचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आसपास. ज्या वाणाला चौदा तासांहून मोठ्या दिवसाची सवय, त्याला बंगालच्या हिवाळ्यात कंद धरण्याची खूण कधीच मिळणार नाही.

ही खूण दिवसमानाची आहे, हे विसाव्या शतकात उमगले. १९२० साली अमेरिकेच्या कृषिखात्यातील गार्नर आणि ॲलार्ड या दोघांनी तंबाखू व सोयाबीन यांच्यावरील प्रयोगांतून दाखवून दिले की, झाडे फुलावर केव्हा यायचे ते दिवसाच्या लांबीवरून ओळखतात. पुढे कांद्याचा अभ्यास झाला तेव्हा आढळले की, त्याचा कंद धरणे हेही दिवसमानावर अवलंबून असते. आपल्या मैदानी मुलखातील वाणांना अकरा-बारा तासांचा दिवस पुरतो. थंड डोंगरी प्रदेशांतील व युरोपातील वाणांना तेरा, चौदा किंवा अधिक तास लागतात. नाशिकचा सर्वांत मोठा दिवस तेरा तास वीस मिनिटांच्या जवळपास, दिल्लीचा चौदा तासांना किंचित कमी, श्रीनगरचा चौदा तासांहून अधिक. नाशिकचे उळे उत्तरेच्या डोंगरावर नेले की वसंतातच त्याला बारा तासांचा दिवस दिसतो. पात चार पानांची असते, पण खूण मिळालेली असते. मग ते रोप वाढ सोडून घाईने कंद धरते, आणि तो कंद अर्थातच लहान राहतो.

सेटची पद्धत ही दिवसमानाशी माणसाने केलेली एक युक्तीच म्हणावी लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या उद्यानसंस्थेचे पुढारी टॉमस अँड्र्यू नाइट यांनी तिचे वर्णन केले आहे. इंग्लंडचा उन्हाळा थोडका. तेवढ्यात बियापासून दक्षिणेकडील मोठा कांदा तयार होत नाही. म्हणून त्यांनी बी वसंतात निकस जमिनीत, सफरचंदाच्या झाडाच्या सावलीत, अतिशय दाट पेरावयास सांगितले. शरदापर्यंत वाटाण्याएवढे कांदे होत. ते काढून हिवाळाभर ठेवायचे आणि पुढच्या वसंतात अंतरावर लावायचे. अशा रीतीने एका हंगामात न मावणारी वाढ दोन हंगामांत वाटून दिली जाई. सेट म्हणजे उसना घेतलेला काळ होय.

घरच्या कांद्याची किंमत इंग्लंडला पुढे फार निराळ्या प्रसंगी कळली. युद्धापूर्वी तो देश बहुतेक कांदा बाहेरून आणी. १९४० साली ब्रिटनी आणि चॅनेल बेटे जर्मनांच्या हाती पडली आणि कांदा दिसेनासा झाला. कचेऱ्यांतून एकेका कांद्याची सोडत निघू लागली, आणि परसात कांदा लावणे हे राष्ट्रकार्य ठरले. आपल्याकडेही युद्धकाळात अधिक धान्य पिकवा मोहीम सुरू झाली, आणि सरकारी आवारांतील फुलांच्या वाफ्यांकडे लोक वेगळ्या दृष्टीने पाहू लागले.

याच सुमारास बियाच्या इतिहासाला एक वळण लागत होते. १९२५ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे हेन्री जोन्स या संशोधकाला लाल इटालियन जातीच्या वाफ्यात एक झाड असे आढळले की, त्याच्या फुलांत परागच नव्हते. अशा झाडाला स्वतःचे बी धरणे शक्य नव्हते. परंतु त्याच्या गोंड्यात फुलांबरोबर इवल्या कांद्याही धरत असत. त्या लावून जोन्स यांनी ते झाड जिवंत राखले. त्या एका झाडापासून संकरित कांद्याचे शास्त्र उभे राहिले, आणि १९४३ साली जोन्स व क्लार्क यांनी त्याची रीत प्रसिद्ध केली. संकरित कांदा एकसारखा येतो, भरघोस येतो. पण त्याचे उळे धरून पेरले तर पुढची पिढी तशी निघत नाही. म्हणजे हजारो वर्षे जे बी घरात राखले जात होते ते आता दरवर्षी दुकानातून आणावे लागणार, असा हा करार आहे. उत्पन्नाच्या दृष्टीने तो फायद्याचा असेल. परंतु त्यात निवड करणारे डोळे शेतकऱ्याचे उरत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे.

भारतात शास्त्रीय निवडीचे काम १९६० च्या सुमारास नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत येथे सुरू झाले, आणि नंतर दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेतही. पहिले वाण देशी कांद्यांतूनच निवडून काढलेले होते. पावसाळी हंगामासाठी एन-५३, टिकाऊ उन्हाळ कांद्यासाठी एन-२-४-१, दिल्लीची पुसा रेड, ही नावे आजही शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. या आकड्यांमागे शास्त्रज्ञांची मेहनत आहे तशीच भिंतीबाहेरच्या त्या अज्ञात वाफ्यांचीही आहे. १९९४ साली कांदा व लसूण यांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले आणि १९९८ साली ते पुण्याजवळील राजगुरुनगरला आले.

तोवर कांदा राजकारणातही शिरला होता. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याचा भाव हा प्रचाराचा विषय झाला. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्ली विधानसभेत सत्तापालट झाला त्याच्या कारणांत कांद्याची महागाई प्रमुख गणली जाते. सरकारी कचेरीत बसून निर्यातबंदीचे आदेश तयार करणाऱ्यांत आमचे काही वाचकही असतील. लासलगावच्या बाजार समितीत त्या आदेशाचा अर्थ काय होतो, आणि दिल्लीच्या गृहिणीला त्याच आदेशाचा अर्थ काय वाटतो, हे दोन्ही जाणणारा माणूस त्या खुर्चीत असला तर बरे, इतकेच आम्ही म्हणू.

असो. आता घरच्या वाफ्याविषयी. इतिहासाने दिलेला पहिला धडा हाच की, मुक्काम जेथे असेल तेथील उळे घ्यावे. दिल्लीच्या बाजूस मैदानी वाणाचे बी आश्विन-कार्तिकात, ऑक्टोबरच्या मध्यापासून, वाफ्यात टाकावे. डिसेंबर-जानेवारीत रोप लावावे. एप्रिल-मे मध्ये पात आपोआप मान टाकू लागली की पाणी तोडून कांदा काढावा. दोन ओळींत वीतभराहून थोडे कमी, आणि दोन रोपांत चार बोटांहून थोडे अधिक अंतर पुरते. त्याच भागात पावसाळी कांदा हवा असेल तर सेटचा मार्ग बरा, कारण ज्येष्ठ-आषाढातल्या उन्हापावसात कोवळे रोप जगवणे कठीण असते. जानेवारीच्या उत्तरार्धात बी दाट पेरावे, एप्रिल-मे मध्ये बारीक कांदे काढून हवेशीर जागी टांगावे, ऑगस्टच्या मध्यास शेंडा जेमतेम दिसेल इतके मातीत लावावे. दिवाळीनंतर कांदा तयार होतो. लावताना मोठे सेट निवडण्याचा मोह टाळावा. करंगळीच्या पेराहून जाड कांद्यात साठा जास्त, म्हणून थंडी लागताच तो कंद धरण्याऐवजी दांडा काढतो आणि वाफाभर डेंगळेच उभे राहतात. डोंगरावर ज्यांची नेमणूक असेल त्यांनी ब्राऊन स्पॅनिशसारखा लांब दिवसांचा वाण लावावा, आणि दक्षिणेत ज्यांचा मुक्काम असेल त्यांनी झुबक्याचा लहान कांदा लावून पाहावा. त्याला बियाची वाटच पाहावी लागत नाही.

ज्यांना बी धरण्याची हौस असेल त्यांनी निघालेल्या कांद्यांतून बारीक मानेचे, एकडोळी, न सडलेले कांदे निवडून वेगळे टांगावे आणि कार्तिकात पुरावे. फुले आल्यावर मधमाश्या परपराग आणतात, म्हणून शेजाऱ्याच्या वाफ्यात दुसरा वाण फुलला असेल तर शुद्ध बीज मिळणार नाही. तेव्हा शेजाऱ्यालाही त्याच कांद्याचे रोप द्यावे, हा उत्तम उपाय. पेरल्यापासून हाती बी येईपर्यंत दीड वर्ष जाते. तीन वर्षांच्या नेमणुकीत कांद्याच्या फार तर दोन पिढ्या होतात. नाशिकचा कांदा सिमल्याचा करण्यास त्या पुरणार नाहीत. परंतु सिमल्याचा चांगला कांदा ओळखून, राखून, बंगल्यात पुढे येणाऱ्या बिऱ्हाडाच्या हाती त्याचे मूठभर ताजे उळे ठेवण्यास त्या पुरेशा आहेत. आणि आजवर हे पीक जगले ते अशाच मुठींमधून जगले आहे.